जबानीतून गाळलेलं

बर्मिंगहॅम, अलाबामा
८ मे १९७७, रविवार

क्लिओरा ताई,

सकाळी फोन केला तेव्हा तू उचललास, माझा आवाज ओळखलास आणि खाली ठेवलास. मधल्या क्षणात मागे कुणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. ते हसू आईचं नव्हतं, झोला मावशीचंही नव्हतं. म्हणून पत्र लिहिते. पत्रही तू बाजूला ठेवशील, पण ते निदान घरात पडून राहील.

आज मातृदिन. आई हयात असलेल्यांचं लाल फूल लावून चर्चला गेले. शेजारच्या बाईने फुलाकडे बघून विचारलं, "आई आहे ना गं तुझी? मग इथे काय करतेस?" मी म्हटलं, काम होतं. रविवारी कसलं काम, ते तिने विचारलं नाही. शहरातली माणसं तेवढी बरी असतात.

झोला मावशीचं पत्र बुधवारी आलं. एका ओळीत खुशाली, आणि मग दोन पानं मिस इमोजीन. "तुझी ती कॉलेजवाली बाई या रविवारीही येऊन गेली. कोलार्डच्या पाल्याची भाजी दोनदा मागून घेतली, मक्याचा पाव तर विचारूच नकोस. क्लिओरा बोलते नि ती वहीत मान खुपसून लिहिते. तुझ्याच खुर्चीवर बसते हो! मी सांगितलं, ही आमच्या डेलची खुर्ची. तर तुझी ताई म्हणाली, बसा तुम्ही."

मला वाईट वाटलं नाही. फक्त विचारायचं आहे. मिस इमोजीनला मी तुझ्याआधी दोन वर्षं ओळखते. दर शनिवारी तिच्या घरी आम्ही सात-आठ काळ्या मुली जमतो, आपापलं लिखाण वाचतो, काळ्या बाईच्या जगण्याचा विचार काळ्या बाईने स्वतः कसा करावा यावर भांडतो. दोन वर्षांत तिने माझ्या किती कागदांवर 'पुन्हा लिही' असं लिहिलं असेल! आणि तुझ्याकडे येऊन ती भाजी मागून घेते. तिने मला तुझा पत्ता विचारला नव्हता. वर्तमानपत्रात दाव्याची बातमी वाचून स्वतः शोधत आली म्हणे. तुम्ही काय बोलता? माझ्याबद्दल काही बोलता का?

असो. कामाचं लिहिते. दाव्याची तारीख २१ जून लागली. कंपनीच्या वकिलाने अर्ज केला आहे की तुझी जबानी वाचूनच दावा काढून टाकावा, साक्षीपुरावे ऐकायचीही गरज नाही. म्हणजे तुम्हा अकरा जणींना शेगड्यांच्या कारखान्यात परत घ्यायला लावायचं की नाही, याचा निकाल त्या जबानीच्या चार पानांवर लागणार. तुमचे वकील, आमचे पिंकस्टन साहेब, काळजीत आहेत. हल्ली ते आल्या-गेल्याशी जुन्या केसेस बोलत नाहीत, तेव्हा समजावं.

ती जबानी मी टाइप केली म्हणून तू माझ्यावर रागावली आहेस. पण ती 'काळी म्हणून' आणि 'बाई म्हणून' अशा दोन भागांत लिहायची हे पिंकस्टन साहेबांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्या ऑफिसातली नोकर माणूस. सांगितलं तसं केलं.

आईला माझा नमस्कार सांग. ती फोनवर का येत नाही?

तुझी,
आर्डेलिया


२२ मे १९७७, रविवार

ताई,

तू लिहिलं नाहीस, पण झोला मावशीच्या पत्राखाली तुझ्या अक्षरात एक ओळ होती: 'तू तिथेच होतीस आणि खाली मान घालून लिहीत होतीस.'

हो, होते. कंपनीच्या वकिलाने एप्रिलमध्ये तुझी उलटतपासणी घेतली तेव्हा मी कोपऱ्यात बसून लघुलिपीत सगळं उतरवत होते. म्हणून मला ते शब्दशः पाठ आहे. तो म्हणाला, "बाई, ही सही तुमची?"

"माझी."

"पहिल्या भागात तुम्ही म्हणता, काळ्या म्हणून काढलं. कारखान्यात काळी माणसं किती आहेत?"

"ओतशाळेत दोनशेच्या वर. सगळे पुरुष."

"पुरुष की बायका ते मी विचारलेलं नाही. काळी आहेत ना?"

"आहेत."

"दुसऱ्या भागात म्हणता, बाई म्हणून काढलं. ऑफिसात आणि बांधणी विभागात बायका किती?"

"असतील साठ-सत्तर. एकूण एक गोऱ्या."

"गोऱ्या की काळ्या तेही मी विचारलेलं नाही."

"मग तुम्ही विचारताय तरी काय साहेब? मी एकच बाई आहे. सकाळच्या पाळीला काळी नि दुपारच्या पाळीला बाई, अशी मी कामावर जात नव्हते."

"मग जबानीत दोन भाग कसे?"

"ते शब्द माझे नाहीत."

"म्हणजे न बोललेल्या गोष्टींखाली तुम्ही शपथेवर सही केलीत?"

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. वकिलाकडे नाही, पिंकस्टन साहेबांकडे नाही. मी पेन्सिलीकडे पाहिलं. सही घेताना तू विचारलं होतंस, "वाचून दाखवतेस का?" आणि मी म्हटलं होतं, "तू बोललीस तेच आहे गं, बस चुकेल तुझी."

त्या खोलीत मला लाज वाटली असेल असं तुला वाटतं. वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते लिहिते, कारण लाजेचं पत्र कुणीही लिहील. मला वाटलं, बघा, कोपऱ्यात कोंडली तरी ही बोलते कशी! 'सकाळच्या पाळीला काळी नि दुपारच्या पाळीला बाई.' मी आठ महिने एकाच निबंधावर बसले होते. चाळीस पुस्तकांतून उतारे काढले, आणि हे एक वाक्य मला जमलं नव्हतं.

हे आजचं नाही. आठवतं, बुधवारच्या प्रार्थनेला मी अख्खं स्तोत्र चूक न करता म्हटलं होतं? मी नऊ वर्षांची. रेव्हरंड टॉलिव्हर म्हणाले, "छान पाठ केलंस हो." मग तू उठलीस. लाँड्रीतून तशीच आलेली, हात स्टार्चने पांढरे. आईच्या आजारपणात देवाने कसं निभावलं, तेवढंच चार वाक्यं बोललीस. अख्खी बाकं उभी राहिली. त्या थोरल्या मदर पेटीग्रूनेसुद्धा दाद देत रुमाल हलवला. मी पहिल्या ओळीत बसून मोजत होते, माझ्या वेळी किती जणींनी रुमाल हलवला होता. एकीनेही नाही.

सगळं गाव सांगतं की धाकटीने शिकावं म्हणून क्लिओराने सोळाव्या वर्षी शाळा सोडली. खरं आहे ते. घरातली पहिली पदवीधर मी, आणि त्या पदवीची चौकट आईने भिंतीवर तुझ्याच हाताने लावून घेतली. पण मला जे हवं होतं ते शाळेत मिळत नव्हतं ताई. ते तुझ्यापाशी होतं, आणि तू ते कपडे वाळत घालताना असंच उधळत होतीस.

मिस इमोजीन आजही आली असेल ना?

आर्डेलिया


५ जून १९७७, रविवार

ताई,

काल शनिवारच्या बैठकीला गेले होते. मिस इमोजीनने सगळ्यांना गोड गार चहा दिला, मलाही दिला. मग म्हणाली, "तुझ्या बहिणीने तुझ्यासाठी पीच फळांचा पाई पाठवलाय असं म्हणाले असते, पण तिने पाठवलेला नाही. मलाच दिला, मी खाल्ला." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत तो पीच पाई माझ्या डोक्यात होता. तू मला पाठवत होतीस तेव्हा त्याच्या कडा करपलेल्या असायच्या. तिचाही करपलेला होता का?

सगळ्या पांगल्यावर तिने मला थांबवलं. "पिंकस्टनला मी ओळखते," म्हणाली. "त्याने जबानीचे दोन तुकडे करायला सांगितलं, यावर माझा विश्वास बसत नाही."

मी म्हटलं, "कायद्यात तसंच असतं."

ती म्हणाली, "मी कायद्याचं विचारलं नाही, डेल." त्या वकिलासारखंच बोलली. फक्त आवाज मऊ होता.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पिंकस्टन साहेबांनी सांगितलं होतं, "तुझ्या बहिणीच्या तोंडचं जसंच्या तसं घे. फाफटपसारा मी नंतर बघेन." ते त्या आठवड्यात दुसऱ्या केसमध्ये बुडाले होते, मी आणलेले कागद त्यांनी चाळून सहीला पाठवले. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

दोन तुकडे मी केले. कॉलेजात मला तसंच शिकवलं होतं. काळ्यांचा इतिहास एका इमारतीत, स्त्रियांचा प्रश्न दुसऱ्या इमारतीत. पहिल्या इमारतीतले सर म्हणायचे, बायकांचं मध्ये आणू नका, लढा फुटतो. दुसरीतल्या बाई म्हणायच्या, वर्णाचं मध्ये आणू नका, बहिणी फुटतात. मी दोन्हीकडे पहिल्या वर्गात पास झाले. दोन इमारतींच्या मधल्या गवतावर उन्हात चालताना मी कोण असते, ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीही नाही. तुझं बोलणं मला पसरट वाटलं. दोन मथळे टाकले तेव्हा पान कसं स्वच्छ दिसायला लागलं!

आणि संडासाचं गाळलं. कोर्टासमोर तसलं लिहिणं शोभणार नाही, असं मला वाटलं.

तू काय सांगितलं होतंस ते मला विसरता आलेलं नाही. "कारखान्यात संडास दोन. एक ओतशाळेपाशी, तो आपल्या लोकांचा. दुसरा ऑफिसपाशी, बायकांचा, त्याची किल्ली मिसेस डॉबिन्सच्या टेबलामागे खिळ्याला. किल्ली मागितली की ती म्हणायची, तुमच्या लोकांचा तिकडे आहे. तिकडे गेलं की आपलीच पोरं दार अडवून म्हणायची, ताई, बायकांचा तिकडे आहे. एकाहत्तर साली आम्हाला कामावर घेतलं, त्याआधी या कारखान्याने काळी बाई झाडू मारायलासुद्धा ठेवली नव्हती, तेव्हा आमच्यासाठी काही करावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही अकरा जणी रस्ता ओलांडून पेट्रोलपंपावर जायचो. मुकादम हजेरीत लाल खूण करायचा. त्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला, काळ्यांसाठी आहे, बायकांसाठी आहे, तुम्हाला आणखी वेगळा सोन्याचा हवाय का? दोन्ही दारांवर आमचंच नाव आहे, आणि म्हणूनच दोन्ही दारांवरून आम्हाला दुसरीकडे धाडतात. नोकरीवरून काढलं तेसुद्धा असंच. शेवटी आलेला आधी बाहेर, हा नियम सगळ्यांना सारखा. पण शेवटी कोण आलं होतं? ज्यांना आधी कुठल्याच दाराने आत घेतलं नव्हतं त्याच ना?"

एवढं बोलून तू विचारलंस, "इथे संडास कुठे आहे गं?" आणि आपण दोघी किती हसलो होतो. आपण शेवटचं तेव्हाच हसलो.

आता तू म्हणशील, शब्दन् शब्द आठवतो तर मग त्या दिवशीची लघुलिपीची वही कुठे आहे? वही फेकून दिली, असं मी पिंकस्टन साहेबांना एप्रिलमध्येच सांगितलं.

आर्डेलिया


१२ जून १९७७, रविवार

ताई,

वही माझ्याकडे आहे. पलंगाखालच्या सुटकेसमध्ये. फेकलेली नाही.

तारखेला नऊ दिवस उरले, तेव्हा आता उरलेलं सगळं सांगते. संडासाचं मी कोर्टासाठी गाळलं नाही. माझ्यासाठी ठेवून घेतलं.

तू बोलत होतीस आणि माझी पेन्सिल चालत होती, आणि मला कळत होतं की आठ महिने मी जे शोधते आहे ते हेच. दोन दारांचं तू म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला नाही. एखादीच्या अंगावर आपल्याच मापाचा झगा बघावा तसं झालं. मनात आलं, हिला हे कशाला हवंय? ही कुठे लिहिणार आहे? कोर्टात वकील ते ऐकणारसुद्धा नाहीत, चार कागदांत मरून जाईल. माझ्या निबंधात जगेल. अशी मी स्वतःची समजूत घातली आणि जबानी टाइप करताना ते पान उलटून पुढे गेले.

फेब्रुवारीत मी निबंध बैठकीत वाचला. दोन दारांपाशी आले आणि खोलीत कुणीतरी "बाई गं!" म्हणालं. मी थांबले तेव्हा सगळ्या उभ्या राहिल्या. ताई, उभ्या राहिल्या. रुमाल कुणी हलवला नाही, कॉलेजातल्या मुली आहेत. पण मी मोजलं. सातही जणी.

मिस इमोजीन बसून राहिली. तिने विचारलं, "हे दोन दारांचं कुठून आलं?"

मी म्हटलं, "सुचलं."

मार्चमध्ये बैठकीची पुस्तिका सायक्लोस्टाईल करून निघाली, तिच्यात पहिला माझा निबंध, खाली माझं एकटीचं नाव. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मिस इमोजीन तुझ्या दारात आली. तू तिला त्याच दिवशी दोन दारांचं सांगितलं असणार, सांगितलंस ना? म्हणजे तिला तेव्हापासून ठाऊक आहे. दहा शनिवार ती मला चहा देते आहे आणि वाट बघते आहे. मी समजत होते, ती तुझ्याकडे येते कारण तू तिला माझ्यापेक्षा आवडतेस. असेलही तसं. अजूनही मला तेच आधी सुचतं. तुमचा दावा बुडत असताना मी तुझ्या जेवणाच्या टेबलाशी कोण बसलंय हे बघत होते.

उद्या सोमवार. वही घेऊन पिंकस्टन साहेबांकडे जाते. सप्टेंबरपासून कायदा शिकायला मी जायचं, त्यासाठी त्यांनी शिफारसपत्र लिहिलेलं आहे, अजून टपालात टाकलेलं नाही. ते टेबलावरच्या ट्रेमध्ये आहे. ही गोष्ट मी तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. मला भीती वाटते आहे, एवढं तुला माहीत असावं.

आर्डेलिया


२३ जून १९७७, गुरुवार

ताई,

परवा कोर्टात आपण एका खोलीत होतो, तरीही हे लिहिते. तिथे आपण जेमतेम दोन वाक्यं बोललो.

१३ तारखेच्या सोमवारचं तुला कळायला हवं. पिंकस्टन साहेबांनी वहीची पानं उलटली. लघुलिपी त्यांना येत नाही, तरी उलटली. मग म्हणाले, "पोरी, माझ्या टेबलावर बसून, माझ्या यंत्रावर, तू माझ्याच अशिलाला बुडवलंस. आणि ती तुझी बहीण." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवून प्रतिज्ञापत्र टाइप करायला लावलं, की जबानीत फेरफार मी केला, अशिलाला न वाचून दाखवता सही मी घेतली. शेवटची ओळ झाल्यावर ट्रेमधलं शिफारसपत्र उचलून खिशात घातलं आणि म्हणाले, "खिडकी बंद करून जा." नोकरी गेली हे त्यांनी सांगितलं नाही, मला समजलं.

कोर्टात न्यायाधीशांनी मला वहीतून वाचायला सांगितलं. कंपनीचा वकील उठला, "महाराज, ही बाई आधी फेरफार करते, मग फेरफार केल्याचं सांगते. हिचं कोणतं खरं धरायचं?" न्यायाधीश म्हणाले, "वाचू द्या." मी उभी राहिले. तुम्ही अकरा जणी दोन बाकांवर, डोक्यावर रविवारच्या हॅट, मागे झोला मावशी आणि आई. तिसऱ्या बाकावर मिस इमोजीन. बाकी सगळी खोली पुरुषांची.

संडासापाशी आले आणि अडखळले. पुन्हा सुरुवात केली. दोन दारांचं वाक्य वाचलं आणि मागून झोला मावशी एवढ्या मोठ्याने "आमेन!" म्हणाली की शिपाई धावत गेला. "बाई, हे चर्च नाही." "ते दिसतंय मला," मावशी म्हणाली, "चर्चमध्ये आम्हाला आत घेतात."

तुम्ही सगळ्या हसलात. न्यायाधीशही खाली बघून हसले असावेत. त्या हसण्याच्या मध्यभागी, ताई, मी तुझं बोलणं तुझ्या वतीने वाचत उभी असताना मला वाटलं, हे वाक्य माझं असतं तर! मी तुला खोटं लिहिणार नाही असं ठरवलं आहे म्हणून हे लिहिते. नोकरी गेली, पण ते काही गेलं नाही.

पायऱ्यांवर तू माझ्यापाशी थांबलीस. एप्रिलनंतर पहिल्यांदा. म्हणालीस, "संडास म्हणताना अडखळलीस."

मी म्हटलं, "हो."

"आम्ही पाच वर्षं रोज चालत गेलो, नि तुला एकदा म्हणता येईना."

आणि तू बसकडे निघून गेलीस. बरोबर बोललीस. पण बोललीस.

आर्डेलिया


३१ जुलै १९७७, रविवार

ताई,

निकाल तुझ्या हाती आला असेल, तरी मी पिंकस्टन साहेबांच्या नव्या टायपिस्टकडून प्रत मागून घेतली. न्यायाधीशांनी वही खरी मानली. तू खोटं बोललीस हा कंपनीचा आरोप त्यांनी काढून टाकला, म्हणजे तुझ्या नावावरचा डाग गेला. आणि तरीही दावा फेटाळला. लिहिलं आहे की वर्णावरून अन्याय झाला तर कायदा आहे, स्त्री म्हणून झाला तर कायदा आहे, पण दोन्ही एकत्र जोडून तिसरंच काहीतरी मागण्याची सोय कायद्यात नाही. मुकादमाला त्यांनी बघितलेलंसुद्धा नाही, पण उत्तर तेच दिलं.

मी ते चार वेळा वाचलं. पहिल्या जबानीत तुझे शब्द असते तर निकाल बदलला असता का? पिंकस्टन साहेब म्हणे, नसता. मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. न्यायाधीशांनी तुमचे दोन तुकडे जुलैमध्ये केले. मी जानेवारीतच केले होते, आणि मी तर तुझ्या घरची.

गेल्या शनिवारी बैठकीत उभी राहून मी सांगितलं. निबंधातलं दोन दारांचं माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. मिस इमोजीन म्हणाली, "तिला विचारलंस का, तिचं आहे का ते?" मला राग आला. वाटलं, हिला आता माझी कबुलीसुद्धा पुरत नाही. म्हणून त्याच दुपारी फोन केला, आणि तू खाली ठेवला नाहीस.

"पुस्तिकेवर तुझं नाव घालतोय," मी म्हटलं. "नवी छापणार आहोत."

"माझं कशाला?"

"दोन दारांचं तुझं म्हणून."

"माझं? ते आमच्यातली व्हर्डी मे म्हणायची. पंपावर जाताना, रस्ता ओलांडायला थांबलो की. ती नुसतं म्हणायची, दोन दारं नि एक पेट्रोलपंप. मग अर्नेस्टीनने त्यात नावाचं घातलं. कुणी काय, कुणी काय. पाच वर्षं रोज चार वेळा रस्ता ओलांडायचा म्हणजे बोलायला काहीतरी लागतंच की गं. मी कधी म्हटलं माझं आहे?"

मग तू विचारलंस, "रडतेस का?"

"नाही."

"मग?"

"मला वाटायचं, तुला असं आपोआप सुचतं."

तू जोरात हसलीस. "आपोआप? डेल, मला आपोआप फक्त शिंका येतात."

त्या दिवसापासून मी एकच विचार करते आहे. मी ग्रंथालयात एकटी बसून एक वाक्य शोधत होते, आणि त्याच वेळी अकरा जणी उन्हातून, लाल खूण अंगावर घेऊन, ते घडवत होत्या. एकीने टाकलं, दुसरीने फिरवलं, तिसरीने चूक काढली. आमच्या शनिवारच्या बैठकीत आम्ही जे करतो म्हणतो तेच. फक्त तुम्हाला बसायला जागा नव्हती, म्हणून चालता चालता. आणि मी ते चोरताना समजत होते की एका माणसाचं चोरते आहे, आणि हेवा करतानाही एकाच माणसाचा केला.

आता तुझ्या निरोपाचं. तुम्ही अपील करणार, शिवाय कामावरच्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात नवी तक्रार करणार, आणि या वेळी एकटीची नाही, अकरा जणींची जबानी. मिस इमोजीन एकेकीला बोलतं करेल, पिंकस्टन साहेब तपासतील, पण टाइप कोण करणार म्हणून तू मावशीकरवी विचारलंस. तुझी अटही तिने लिहिली: 'प्रत्येकीला तिचं वाचून दाखवायचं. ती हो म्हणेपर्यंत सही नाही. कुणी शिंकली तरी शिंक लिहायची.' साहेबांना मी चालेन का, तेही विचारून घेतलंस. ते म्हणाले म्हणे, "क्लिओराला चालत असेल तर मी कोण?"

मी येते. मथळे घालणार नाही. काही गाळायचं वाटलं तर ते ती बाईच सांगेल. मिस इमोजीन माझ्याआधी येऊन तुझ्याशेजारी बसलेली असेल, तुम्ही दोघी मला न कळणाऱ्या गोष्टीवर हसाल, आणि मला ते लागेल. ते गेलं असं लिहिलं तर तेही टाइप केलेलं खोटंच होईल. लागलं तर लागू दे, माझे हात यंत्रावर असतील.

पुढच्या शनिवारी सकाळी सातच्या बसने निघते. चर्चच्या तळघरातलं लांब टेबल मागून ठेव, कागद मी आणते. पहिली जबानी तुझी नको. व्हर्डी मेची घेऊ. बावीस वर्षं मी त्या गावात राहिले आणि मला तिचा चेहरा आठवत नाही. मला तिच्यासमोर बसायचं आहे.

आर्डेलिया